सुटका झाली, आता राहायचं कुठे?

लग्न होऊन सांगली जिल्ह्यातून जयपूरला आले आणि इथल्याच कोर्टात विधी सेवेच्या कामाला लागले. घर सी-स्कीममध्ये. सर मिर्झा इस्माईल जयपूरचे दिवाण असताना आखली गेलेली ही वस्ती. रुंद रस्ते, झाडीतले बंगले, स्टॅच्यू सर्कल, सेंट्रल पार्क आणि लगतच उच्च न्यायालय. याच भागात दुकानांच्या ओसरीवर झोपणारी काही माणसं मला आधी तुरुंगात अशील म्हणून भेटली, मग रस्त्यावर भेटली आणि काही महिन्यांनी पुन्हा तुरुंगात भेटली. कोणी भंगार वेचणारा, कोणी चौखटीवर मजुरीसाठी उभा राहणारा, कोणी हलवायाकडे भांडी घासणारा, कोणी सावे, म्हणजे लग्नाचे मुहूर्त, सुरू झाले की वरातीत डोक्यावर दिवे धरून चालणारा. आरोप बहुतेक किरकोळ असतात. मोबाइल, सायकल, नळाची तोटी, दारू पिऊन झालेली मारामारी.

काही वकील, एक निवृत्त परिचारिका आणि समाजकार्याचे दोन विद्यार्थी असा आमचा छोटा गट आहे. अशा माणसांसाठी आम्ही जयपूरमध्येच हसनपुऱ्याकडे खोल्या भाड्याने घेतल्या. त्या कामातून माझी एक खात्री पटली. तुरुंग ते फुटपाथ आणि फुटपाथ ते तुरुंग ही फेरी शिक्षेने थांबत नाही. आतून कडी लावता येईल अशी खोली आणि विचारपूस करणारं माणूस, या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या तर ती थांबू शकते. शिकलेलं क्रमाने मांडते.

१. सुटकेची पहिली रात्र फार महत्त्वाची असते

कोर्टाचा आदेश तुरुंगात पोचतो, नोंदी होतात, झडती होते आणि माणूस बाहेर येईपर्यंत बहुधा दिवस मावळतो. घाटगेटच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर ज्याचं कोणी आलेलं असतं तो रिक्षात बसून जातो. ज्याचं कोणी नसतं तो एकटाच आग्रा रोडला लागतो. हातात कापडी पिशवी, तिच्यात एक जोडी कपडे आणि औषधाची चिठ्ठी. मोबाइल जप्तीत अडकलेला, आधार कार्ड हरवलेलं, मजुरी मिळाली तर उद्या सकाळी मिळणार. अशा माणसाला रात्री जायला ओळखीची जागा एकच असते, पोलिसांनी त्याला जिथून उचललं होतं ती. जुनी संगत तिथे असते, जुनी देणी असतात आणि स्मॅकही असतं. आत असताना नशा तुटलेली असते. शरीराची सवय गेलेली असताना बाहेर येऊन पूर्वीइतकंच घेतलं, तर जीव जाऊ शकतो.

म्हणून सुटकेच्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी दाराशी थांबतं. आधी थडीवर, म्हणजे टपरीवर, चहा. मग सरकारी अन्नपूर्णा रसोईत जेवण. तिथे ८ रुपयांत पोटभर मिळतं. मग थेट खोलीवर. समुपदेशन, अर्ज, कामाची शोधाशोध हे सगळं दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी माणूस वारंवार एवढंच विचारतो, "मॅडमजी, आज रात्री कुठं?" त्याला तेव्हाच खरं उत्तर मिळालं पाहिजे.

२. पत्ता नसलेल्या माणसापर्यंत कायद्याची सवलत पोचत नाही

आपल्या कायद्यात गरिबासाठी तरतुदी नाहीत असं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी गरीब आहे असं मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावं, असं कायदा सांगतो. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला १० हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. जामीन मंजूर होऊनही माणूस सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. गरीब कैद्यांना जामिनासाठी आणि दंडासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही आहे.

तरीही बेघर माणूस आतच राहतो, कारण प्रत्येक दारावर पत्ता विचारला जातो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायाधीश गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतात. पण त्याच कलमात अट आहे की त्याचं किंवा त्याच्या जामीनदाराचं त्या कोर्टाच्या हद्दीत कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम असावं. नवी नागरिक सुरक्षा संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याची तरतूद आली. पण एकाहून अधिक खटले चालू असतील तर तो लाभ नाही. फुटपाथवरच्या माणसावर एकच खटला क्वचितच असतो. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. त्यांतले किती जण पत्त्यासाठी अडले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या खोलीचा भाडेकरार हातात घेऊन मी कोर्टात उभी राहते तेव्हा फरक लगेच दिसतो. अशील तोच असतो, गुन्हाही तोच असतो. समन्स कुठे बजवायचं, या प्रश्नाला आता उत्तर असतं.

३. रस्त्यावर राहणं हेच अटकेचं कारण ठरतं

ज्याला घर आहे तो दारू पिऊन घरात पडतो. ज्याला नाही तो रस्त्यावर पडतो आणि शांतताभंगाच्या नावाखाली आत जातो. जयपूरच्या रस्त्यावरचा पोरगासोरगाही 'एकशे एक्कावन्न' म्हणजे काय ते जाणतो. नव्या संहितेत अटकेच्या या कलमाचा आकडा बदलला, तोंडातला आकडा तोच राहिला. महाराष्ट्रातही महाराष्ट्र पोलीस कायद्यात सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत आढळल्याबद्दल कारवाई करणारं १२२ वं कलम आहे. रात्री बंद दुकानापाशी अंग टाकलेला माणूस त्यात सहज बसतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांबरोबर काम करतो आहे. बेघर तरुणांच्या या फेऱ्या त्यांच्या कार्यकर्त्यांना चांगल्या ठाऊक आहेत.

या संशयाला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवत असेल. कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तुरुंगातल्या नियमपुस्तकांमधली जातीवरची कलमं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. माझ्या अशिलांमध्ये याच समाजांतली माणसं पुन्हा पुन्हा दिसतात.

४. रैन बसेरा जीव वाचवतो, पण माणूस तिथे स्थिरावत नाही

जानेवारीतल्या जयपूरच्या थंडीत रैन बसेरा, म्हणजे बेघरांसाठीचा रात्रनिवारा, नसता तर माणसं मेली असती, याबद्दल मला शंका नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७३ लाख बेघर मोजले गेले, राजस्थानात १ लाख ८१ हजारांवर आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, तो बारा महिने, चोवीस तास उघडा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ठरलं. तेवढे निवारे झालेच पाहिजेत.

पण एका मोठ्या खोलीत ओळीने गाद्या. सामान ठेवायला जागा नाही. शेजारी कोण, रोज वेगळं. ज्याच्यावर खटले आहेत त्याला तिथे पोलीस रात्री-अपरात्री शोधत येतात. नुकताच सुटलेला माणूस आणि त्याला नशा विकणारा माणूस शेजारशेजारी झोपतात. आमच्या खोलीवर आलेला एक तरुण पहिले काही दिवस फरशीवर, दाराला पाठ लावून झोपायचा आणि चपला उशाखाली घ्यायचा, कारण फुटपाथवर आणि बराकीत चपला हमखास जातात. खाट रिकामी असायची. मग एका सकाळी परिचारिका ताई गेल्या तेव्हा चपला दाराबाहेर दिसल्या आणि पोरगा खाटेवर गाढ झोपला होता. त्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा कामाचं विचारलं.

५. आधी खोली द्या, सुधारणा मागाहून येते

आपल्याकडे सगळ्यांचा कल उलटा असतो. आधी दारू सोड, आधी काम धर, आधी कागद आण, मग खोलीचं बघू. अमेरिकेत सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा क्रम उलटा केला. बिनशर्त घर आधी, उपचार माणसाच्या इच्छेने आणि गतीने. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. तीन वर्षांत आठ वा अधिक वेळा अटक झालेल्या बेघर माणसांसाठी तिथे २०१६ पासून आधारासहित घरं दिली गेली. घरं कमी आणि माणसं जास्त असल्याने सोडत काढली आणि दोन्ही गटांची तुलना झाली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, घर मिळालेल्यांच्या अटका सुमारे ४० टक्क्यांनी आणि पोलिसांशी येणारा संबंध ३४ टक्क्यांनी कमी झाला. तीन वर्षांनंतरही ७७ टक्के माणसं घरात टिकून होती. ही माणसं घरात राहूच शकत नाहीत, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

आमच्या खोल्यांमध्ये नियम मोजके. मारामारी नाही, नशेचा माल आत नाही, कोर्टाची तारीख चुकवायची नाही. काम सुरू झालं की भाड्यातला थोडा वाटा स्वतः भरायचा. हा वाटा भरताना माणसं पैसे दोनदा मोजून देतात आणि पावती मागतात.

६. खोलीबरोबर माणूस लागतो

नुसती किल्ली देऊन चालत नाही. महिनोन्महिने आत राहिलेल्या माणसाला मोकळ्या दिवसाचं काय करायचं ते कळत नाही. एकटेपणा अंगावर येतो आणि तो पुन्हा जुन्या ओसरीकडे वळतो. म्हणून आमच्यातलं कोणी ना कोणी खोलीवर नेमाने जातं. काम साधं असतं: आधार कार्ड नव्याने काढणं, बँकेत खातं, तारखांची वही, क्षयाची औषधं मध्येच न सोडणं, मुकादमाशी ओळख, गावी फोन. आई कितीही रागावलेली असली तरी आवाज ओळखते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मानसिक आजार असेल तर हा आधार आणखी वाढवावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारवर मधल्या टप्प्याचे निवारे (हाफवे होम) आणि आधारासहित निवासाची सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे. भरकटलेल्या रुग्णाला पोलिसांनी कोठडीत न टाकता उपचारांकडे न्यायचं आहे. चेन्नईच्या 'द बनियान' संस्थेने मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या स्त्रियांना साध्या वस्तीत चार-पाच जणींच्या घरात, मदतनिसासह राहायला आणलं. आपल्या कर्जतला डॉ. भरत वटवानी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम उभं केलं. जमणार नाही असं म्हणण्याची सोय या दोन उदाहरणांनी ठेवलेली नाही.

७. जयपूरला हे येतं, आणि मराठी मुलखालाही येतं

सी-स्कीमहून टोंक रोडने सांगानेरला जा. तिथे श्री संपूर्णानंद खुलं बंदी शिबिर आहे, राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांच्या काळात १९६३ मध्ये सुरू झालेलं. राहणारे बहुतेक जन्मठेपेचे कैदी, अनेक जण खुनाच्या शिक्षेतले. शिक्षेचा ठरावीक भाग बंद तुरुंगात चांगल्या वर्तनाने काढला की इथे येता येतं. उंच भिंती नाहीत. बायकामुलांसह छोट्या घरांत राहायचं, सकाळी कामाला बाहेर जायचं, संध्याकाळी हजेरीला परत. कोणी पहारेकरी, कोणी कारखान्यात, कोणी दुकान चालवतं. वीज-पाण्याचा खर्च आपला आपण. कारभार पाहायला त्यांचीच निवडलेली पंचायत. पहिल्यांदा गेले तेव्हा एका घराच्या उंबऱ्यावर बाप मुलीच्या वेण्या घालत होता आणि तिला शाळेला उशीर होत होता. तो शिक्षा भोगणारा कैदी आहे हे मला सांगावं लागलं.

राजस्थानच्या खुल्या तुरुंगांचा अभ्यास करणाऱ्या स्मिता चक्रवर्ती यांनी २०१७ च्या अहवालात खर्चाची तुलना मांडली. बंद तुरुंगात दर कैद्यामागे महिन्याला सुमारे ७ हजार रुपये, खुल्या शिबिरात सुमारे ५००. शिक्षा संपल्यावरही शिबिर सोडायला नाखूश असलेली माणसं इथे निघाली, कारण काम, शाळा आणि शेजार तिथेच रुजला होता. २०२४ मध्ये शिबिराच्या जमिनीतला मोठा भाग रुग्णालयाला देण्याचं ठरलं तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रुग्णालय हवंच, पण अशी जागा पुन्हा उभी करायला पिढी जाते.

मला हे नवं वाटलं नाही, कारण माझ्या माहेरच्या मुलखात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये, पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रिडमन म्हणजे भारतानंद यांच्या कल्पनेतून ती कैद्यांची मुक्त वसाहत झाली. कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' केला. चित्रपट जगभर गाजला, वसाहतही टिकली.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. खुनाची शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास टाकून सरकार त्याला घर, काम आणि कुटुंब देतं, आणि तो विश्वास बहुतांशी पाळला जातो. मोबाइल चोरणाऱ्याला मात्र सांगानेर लागू होत नाही. त्याची शिक्षा छोटी असते, किंवा खटलाच संपलेला नसतो. ज्याचा गुन्हा लहान त्याच्या वाट्याला फुटपाथ, हे मला मान्य नाही. सांगानेरचं शहाणपण हजेरी आणि शिक्षा वगळून त्याच्यापर्यंत आणता येतं.

८. शेजाऱ्यांना खरं सांगावं

खोली मिळवणं हे या कामातलं सर्वांत अवघड पाऊल. सी-स्कीममध्ये रिकाम्या आउटहाउसची कमी नाही, पण विचारलं की बैठकीत आवाज खाली येतात. "काम चांगलं आहे हो, पण आमच्याकडे मुली आहेत." ही भीती मी खोटी मानत नाही. तिला उत्तर द्यावं लागतं.

आम्ही घरमालकाला सगळं आधी सांगतो. करार आमच्या नावाने, भाडं वेळेवर, भाडेकरूची पोलीस पडताळणी आम्हीच करून आणतो आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर शेजारच्या प्रत्येक घरात देतो. एका इमारतीत दोन-तीन जणांपेक्षा जास्त ठेवत नाही. गर्दी झाली की त्या जागेचं नाव पडतं आणि माणसं पुन्हा शिक्क्याखाली येतात. हसनपुऱ्यात सुरुवातीला पाठ फिरवणाऱ्या एका आजींनी पुढे गॅसची टाकी वर नेण्यासाठी आमच्याच माणसाला हाक मारायला सुरुवात केली. शेजार असाच जुळतो, छोट्या कामांतून.

९. पुन्हा अटक झाली तरी खोली सोडू नये

काही जण पुन्हा आत जातात. जुनं वॉरंट निघतं, एखाद्या रात्री नशा होते, कधी परिसरात चोरी झाली की ओळखीचा चेहरा म्हणून उचललं जातं. अशा वेळी देणगीदार विचारतात, आता कशाला खर्च? माझं उत्तर ठरलेलं आहे. याच वेळी खर्च करायचा. शक्य तितके दिवस भाडं चालू ठेवायचं, सामान तसंच ठेवायचं आणि तुरुंगातल्या मुलाखतीला जाऊन सांगायचं की खोली आहे. परतायला जागा आहे हे ठाऊक असलेला माणूस वकिलाशी सरळ बोलतो, तारखेला हजर राहतो आणि पुढच्या वेळी आत जाण्याआधी फोन करतो. दोन अटकांमधलं अंतर वाढत जाणं ही या कामातली खरी प्रगती. अटक एकदम शून्यावर येण्याची वाट पाहिली, तर एकही खोली टिकणार नाही.

१०. हे काम सरकारचं आहे, आणि सुरुवात कोणीही करू शकतं

आमच्यासारख्या गटाच्या चार खोल्यांनी शहराचा प्रश्न सुटत नाही. दर जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, तुरुंग आहे, महापालिका किंवा नगरपालिका आहे. या तिघांनी मिळून तीन गोष्टी कराव्यात. सुटकेच्या आधी प्रत्येक कैद्याला 'राहणार कुठे' हे विचारून लिहून ठेवावं. ज्याचं उत्तर 'कुठेच नाही' असेल त्याच्यासाठी वस्तीत विखुरलेल्या खोल्या आणि पगारी कार्यकर्ता द्यावा. आणि त्या खोलीचा पत्ता जामीन, परिवीक्षा, आधार आणि रेशन या सगळ्यांसाठी ग्राह्य धरावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. तुरुंगात त्याच माणसावर होणाऱ्या खर्चातला काही भाग बाहेर वळवावा लागतो.

पुण्यात, नागपुरात, सोलापुरात, जिथे तुम्ही राहता तिथल्या तुरुंगातूनही आज संध्याकाळी कोणीतरी सुटणार आहे. तुमच्याकडे रिकामी खोली असेल तर ती अशा कामासाठी भाड्याने द्या. नसेल तर सोसायटीच्या बैठकीत विषय निघेल तेव्हा विरोधात हात वर करू नका. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा की सुटलेल्या बेघर माणसांसाठी वॉर्डात किती खोल्या आहेत, आणि आकडा मिळेपर्यंत विचारत राहा.